अंगठ्यांमधला कागद

गल्लीतल्या सूचना घेऊन घरोघर जाणारी फिरती फाइल कुबोडेरांच्या घरी सगळ्यात शेवटी येते, कारण त्यांचं घर टोकाला आहे. कचऱ्याचे वार बदलल्याचं त्यांना कचरा चुकीच्या वारी बाहेर ठेवल्यावरच कळतं. मे महिन्यातल्या त्या सोमवारी मात्र फाइल वेळेवर आली. नसती आली तर बरं झालं असतं, असं त्यांना पुढे दोन महिने वाटत राहिलं.

पहिलं पान गटारं साफ करण्याविषयी होतं. दुसऱ्यावर कुणाचं तरी हरवलेलं मांजर होतं. तिसऱ्या पानावर टेकडीवरच्या मठाच्या भक्तमंडळाची सूचना होती. रविवारी पहाटेच्या ध्यानाला जागा अठ्ठावीस आणि प्रतीक्षायादीत माणसं एकतीस. सबब, जे सभासद वर्षभर आलेले नाहीत त्यांच्या जागा जूनअखेर यादीतल्या लोकांना देण्यात येतील. खाली अशा सभासदांची यादी होती. यादीत एकच नाव होतं: कुबोडेरा.

ते नाव त्यांचं नव्हतं. त्यांच्या बायकोचं होतं. सुमिए एकोणीस वर्षं दर रविवारी पहाटे पाचला मठात जायची आणि आठला परत येऊन सूप करायची. कुबोडेरा तेव्हा झोपलेले असायचे. मागच्या जूनमध्ये तिला चढण चढवेना, म्हणून जाणं थांबलं. सप्टेंबरमध्ये ती गेली. मठातल्या दालनात खिडकीपासून तिसरी तिची काळी गोल उशी अजून तशीच होती. तिच्या राखेचा कलश बसवण्याच्या दिवशी कुबोडेरांनी ती पाहिली होती. उशीला मधोमध खळगा होता. एका माणसाच्या बसण्याचा खळगा. तो पाहून ते तसेच बाहेर आले होते.

आता त्या खळग्यात यादीतला पहिला माणूस बसणार होता.

फाइलवर सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का मारून ती परत करायची असते. कुबोडेरांनी शिक्का मारला नाही. ते फाइल घेऊन थेट भक्तमंडळाचे चिटणीस नागाहामा यांच्याकडे गेले.

नागाहामा पोस्टातून निवृत्त झाले होते, पण पोस्ट त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. त्यांनी चष्मा चढवला, ड्रॉवर उघडला आणि एक छापील कागद काढला.

"हा गैरहजेरीचा अर्ज. हा भरला की जागा राखता येते."

"एवढंच?"

"एवढंच. गैरहजेरीचं कारण लिहा. बदली, आजारपण, इतर. ज्याला लागू असेल त्याला गोल करा."

कुबोडेरांनी 'इतर'ला गोल केला. नागाहामांनी कागद उलटा करून पाहिला.

"खालचा रकाना राहिला. परत येण्याची अपेक्षित तारीख."

"नागाहामासान, ती वारली. तुम्ही आला होतात."

"आलो होतो ना. खूप वाईट झालं. पण रकाना रिकामा ठेवता येत नाही."

कुबोडेरा लेखणी हातात धरून बसले. चष्म्याच्या कारखान्यात छत्तीस वर्षं त्यांनी तपासणी विभागात काढली होती आणि एकही रकाना कधी रिकामा सोडला नव्हता. साबाए गावात ज्याच्या नाकावर फ्रेम सरळ बसते, त्यामागे बहुधा कुबोडेरांचा हात असतो. त्यांनी थोडा विचार केला आणि लिहिलं: १३ ऑगस्ट ते १६ ऑगस्ट.

नागाहामांनी वाचलं. ओबोनचे दिवस. गेलेली माणसं घरी येतात ते चार दिवस. सुमिएचं तर हे पहिलंच ओबोन होतं.

"चारच दिवस?" नागाहामा म्हणाले.

"दरवर्षी."

नागाहामांनी हे नियमावलीशी ताडून पाहिलं. अगदी मनापासून पाहिलं. त्यात थट्टा नव्हती. मग खेदाने मान हलवली. "वर्षातून किमान बारा रविवार लागतात. एकच भरेल, तोही त्या चार दिवसांत रविवार आला तर."

"मग दुसरा काही मार्ग?"

दुसरा मार्ग होता. जागा घरातल्या माणसाच्या नावावर करता येते. त्यासाठी त्या माणसाने जूनमध्ये तीन रविवार, दर वेळी चाळीस-चाळीस मिनिटांच्या दोन बैठका, त्याच उशीवर न उठता करायच्या. आसन आणि मुद्रा समाधानकारक असल्याचा शेरा मठातून घ्यायचा. शिवाय दोन शेजाऱ्यांचे शिक्के आणि गुडघे ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला.

"तुम्ही कधी बसलायत?" नागाहामांनी विचारलं.

"कारखान्यात. स्टुलावर."

त्या रात्री कुबोडेरांनी स्वतःचा शिक्का शोधायला घेतला. घरातली प्रत्येक वस्तू सुमिए ठेवायची आणि सुमिएलाच सापडायची. दोन दिवसांनी शिक्का तांदळाच्या बिस्किटांच्या डब्यात मिळाला. बिस्किटं मऊ पडली होती. कुबोडेरांनी ती तशीच खाल्ली, कारण टाकवेनात.

डॉक्टरांचं प्रकरण जास्त नाजूक होतं. डॉक्टरांनी गुडघा दाबला, वाकवला, त्यातून आलेला आवाज ऐकला आणि विचारलं, "दाखला गुडघा चांगला आहे असा हवाय की वाईट आहे असा?"

"चांगला."

"मग तुम्ही चुकीचा गुडघा आणलाय. अहो, वाईट आहे असा घ्या ना. खुर्चीवर बसू देतील."

"खुर्चीवाल्यांची रांग वेगळी असते. तिथे उशी नसते."

डॉक्टरांना यातलं काही कळलं नाही, पण त्यांनी लिहिलं: 'वयाच्या मानाने ठीक.' कुबोडेरांनी आयुष्यभर असले शेरे मारलेल्या फ्रेमी परत पाठवल्या होत्या. या वेळी त्यांनी कागद दोन्ही हातांनी घेतला आणि वाकून आभार मानले.

एक शिक्का समोरच्या घरातून मिळाला. दुसरा शेजारच्या उमेझावाबाईंचा. त्या शिक्का द्यायला लगेच तयार झाल्या. शिक्क्याबरोबर सल्ला होताच.

"बसणं काय, कुणीही बसेल. खरं काम हातांचं. हात कसे ठेवणार?"

"मांडीवर."

"मांडीवर म्हणजे? भाजीची पिशवी आहे का ती? ओंजळीसारखे ठेवायचे, एकावर एक, आणि अंगठे वर जुळवायचे. मध्ये अंड्याएवढी जागा राहिली पाहिजे. माझ्या मावसभावाने अंडं धरूनच सराव केला. कच्चं अंडं."

"कच्चं का?"

"उकडलेल्याला भीती कसली."

कुबोडेरांना हे पटलं. दुसऱ्या दिवसापासून ते रोज पहाटे घरातल्या देव्हाऱ्यासमोर बसू लागले. देव्हाऱ्यात सुमिएचा फोटो होता. तिच्यासमोर भात आणि चहा ठेवायचा, घंटी वाजवायची, हात जोडायचे. हे सगळं ते नऊ महिने न चुकता करत होते. आता त्यानंतर मांडी घालायची, हातांच्या ओंजळीत अंडं ठेवायचं आणि भिंतीकडे बघायचं. पहिलं अंडं चार मिनिटांत फुटलं. दुसरं सहा मिनिटं टिकलं. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी मांडीत भाताचा वाडगा ठेवायला सुरुवात केली, म्हणजे अंडं फुटलं तर निदान कच्चं अंडं-भात असा नेहमीचा नाश्ता होईल. नाश्ता रोज झाला.

मग उमेझावाबाईंना शंका आली. "कुठला हात वर?"

"डावा."

"चूक. बुद्धाचा उजवा वर असतो. आमच्या मंदिरातल्या मूर्तीचा बघून या."

कुबोडेरा बघून आले. मूर्तीचा उजवा हात डाव्यावर होता. आता त्यांचं धाबं दणाणलं. मठाच्या पत्रकात डावा वर असं होतं, आणि खुद्द बुद्धाचा उजवा वर. शेरा देणाऱ्याने यातलं काय बघायचं? दोन रात्री त्यांना धड झोप लागली नाही. झोपेतसुद्धा ते हात बदलत होते आणि पांघरुणाचा गुंता होत होता.

पहिल्या रविवारी पहाटे साडेपाचला नव्या माणसांना सूचना द्यायला भिक्षुणी रेइशुन समोर उभी राहिली. ती पन्नाशीची होती. मठात येण्याआधी ती शाळेत कवायत शिकवायची, आणि बघणाऱ्याला ते सांगावं लागत नसे. कुबोडेरांनी आधी हाताचाच प्रश्न विचारला.

"बुद्धांना उजवा हात आवरावा लागत नाही," रेइशुन म्हणाली. "तुम्हाला लागतो. म्हणून डावा वर. अंगठ्यांची टोकं टेकवायची. दाबलीत तर डोंगर होतो, सोडलीत तर दरी. मध्ये एक कागद धरलाय असं समजा."

"किती जाडीचा कागद?"

रेइशुनने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही सुमिएसानचे यजमान ना?"

"हो."

"त्या म्हणाल्या होत्या," ती म्हणाली, आणि काय म्हणाल्या होत्या ते सांगितलंच नाही. पुढे ती पाठ, मान, जीभ, श्वास आणि तिच्या हातातली लांब चपटी काठी यांविषयी बरंच बोलली. कुबोडेरांना त्यातलं काही ऐकू आलं नाही. ते तिच्या अंगठ्यांकडे बघत होते. फट त्यांच्या अंदाजाने अर्ध्याच्याही अर्धा मिलिमीटर होती. दोन्ही बाजूंना सारखी. इतकं सुंदर काम त्यांनी निवृत्तीनंतर पाहिलं नव्हतं.

मग ते सुमिएच्या उशीवर बसले.

बसले म्हणणं जरा जास्त होईल. चष्म्याची फ्रेम तपासताना ती काचेच्या पाटीवर उलटी ठेवतात. चारही टोकं टेकली पाहिजेत. एक जरी केसभर वर राहिलं तर फ्रेम परत. इथे टेकायच्या जागा तीन होत्या: दोन गुडघे आणि बैठक. कुबोडेरांचा डावा गुडघा जमिनीपासून दोन बोटं वर होता आणि उजवा एक वीत. रेइशुनने निमूटपणे उजव्याखाली घडी घातलेला टॉवेल सरकवला. कारखान्यात असं खाली काही घालून फ्रेम पास करणाऱ्या माणसाला कुबोडेरांनी एकदा नोकरीवरून काढायला लावलं होतं. त्याची आज फार आठवण झाली.

शिवाय त्यांनी वजन नीट टाकलं नव्हतं. खळगा मोडू नये म्हणून ते उशीच्या कडेवर, जेमतेम चार बोटांवर बसले होते. म्हणजे तीन जागांपैकी टेकली होती एकच, आणि तीसुद्धा घाबरत.

घंटा झाली. समोर भिंत. भिंतीवर एक डाग. सुमिएने एकोणीस वर्षं हाच डाग पाहिला असेल. तिला तो कशासारखा दिसत असेल? आणि आपण कधी विचारलं का? ती म्हणायची, एकदा येऊन तर बघा. आपण म्हणायचो, गुडघे.

टप्. उजव्या खांद्यावर काठी अलगद टेकली. मग सपकन बसली.

दुखलं फारसं नाही. पण आवाज अख्ख्या दालनात घुमला. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला, गावात ज्याच्या शिक्क्याला किंमत होती त्याला, सकाळी सहाला सत्तावीस माणसांदेखत काठी बसली. कुबोडेरांचे कान तापले. काय चुकलं? मान? त्यांनी मान सरळ केली. अंगठे? अंगठे जागेवर नव्हते. त्यांनी घाईने जागेवर आणले, कागदाएवढी फट ठेवली.

पाच मिनिटं बरी गेली. मग वाटलं, ही उशी सुमिएने स्वतः शिवली का? काळ्या दोऱ्याचे टाके तिच्यासारखेच बारीक होते.

टप्. सपकन.

पहिल्या रविवारी दोन बैठकांत मिळून त्यांना नऊ काठ्या बसल्या. उरलेल्या सत्तावीस जणांना मिळून दोन. उठताना पाय जागेवरच राहिले आणि कुबोडेरा एकटे पुढे गेले. शेजारच्या उशीवरच्या औषधविक्रेत्याच्या खांद्याला धरून ते वाचले. धरताना त्यांच्या लक्षात आलं की त्या गृहस्थाचा चष्मा डावीकडे दोन मिलिमीटर उतरलाय. एरवी त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं असतं. त्या दिवशी नऊ काठ्या खाल्लेल्या माणसाला दुसऱ्याच्या चष्म्याविषयी बोलायचा हक्क नाही असं त्यांना वाटलं.

सगळ्यांनी उठून आपापली उशी दाबून, फिरवून पुन्हा गोल केली. कुबोडेरांनी केली नाही. कुणी बघत नाही असं पाहून त्यांनी खळगा वर ठेवून ती अलगद सरकवली.

घरी येऊन त्यांनी तपासणीच्या सवयीने वही काढली आणि नऊ काठ्या लिहिल्या. कोणत्या वेळी, कशानंतर. यादी पुरी झाल्यावर त्यांनी ती पुन्हा वरून खाली ताडून पाहिली. प्रत्येक काठीच्या आधी मनात सुमिए आली होती. गुडघ्याचा विचार केला तेव्हा काठी नाही. नागाहामांना मनातल्या मनात शिव्या दिल्या तेव्हाही नाही. सुमिए आली की काठी.

"त्या बाईला मनातलं कळतं," त्यांनी उमेझावाबाईंना सांगितलं.

"कवायतीच्या बाईंना कळतंच," उमेझावाबाई म्हणाल्या. "आमच्या वेळच्या बाईंना तर घरचंही कळायचं. मग विचार करू नका ना."

"कशाचा?"

"सुमिएचा. दोन तासांचा तर प्रश्न. बाकीचे सहा दिवस आहेतच की."

आणि कुबोडेरांपुढे पेच पडला तो असा: बायकोची जागा राखायची तर त्या जागेवर बसून बायकोला विसरायला हवं होतं. तिसऱ्या रविवारपर्यंत तिला मनातून नीट काढता आलं नाही तर जागा यादीतल्या पहिल्या माणसाची. हा पहिला माणूस फुकुई शहरात बँकेत आहे, एवढं त्यांनी नागाहामांकडून काढून घेतलं होतं. त्याला बायको होती. जिवंत.

पूर्ण आठवडा त्यांनी सुमिए आठवू नये याचा सराव केला. देव्हाऱ्यासमोर बसून करण्यात अर्थ नव्हता, म्हणून स्वयंपाकघरात बसले. तिथे तिचे डबे होते. न्हाणीघरात बसले, तिथे तिचं लाकडी घंगाळ होतं. शेवटी जिन्याखाली, जिथे फक्त झाडू आणि जुनी वर्तमानपत्रं होती तिथे बसले. झाडू पाहून त्यांना आठवलं की ती झाडू नेहमी उलटा टांगायची.

दुसऱ्या रविवारी त्यांनी युक्ती केली. घंटा झाल्याबरोबर कारखान्यातल्या फ्रेमींचे क्रमांक पहिल्यापासून मनात म्हणायला घेतले. एकशे चार, निकेल, गोल. एकशे पाच, निकेल, अंडाकार. क्रमांक चारशे बारापर्यंत उत्तम चाललं. घाम आला, पण काठी आली नाही. चारशे तेरा म्हणजे कासवाच्या पाठीच्या रंगाची, बारीक काड्यांची, बायकांची. ही बाजारात आणण्याआधी नमुना घरी आणला होता. सुमिएने ती घालून आरशात पाहिलं होतं आणि म्हणाली होती, अहो, ही डावीकडे उतरते. तपासणी विभागातल्या अकरा माणसांना जे दिसलं नव्हतं ते.

टप्. सपकन.

त्या दिवशी चार बसल्या. बैठकीनंतर चहा होता. कुबोडेरा कप धरून कोपऱ्यात बसले होते. रेइशुन त्यांच्याजवळ येऊन बसली.

"उत्साह चांगला आहे तुमचा," ती म्हणाली. "पण खांद्याला जपा. एका बैठकीत एकदोनदा मागितली तरी पुरते."

"काय मागितली?"

"काठी."

"मी मागितली?"

रेइशुनने कप खाली ठेवला. "मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. झोप येत असेल, मन भरकटत असेल, तर हात जोडायचे. हात जोडलेले दिसले की मी काठी देते. नाही जोडले तर देत नाही. तुम्ही नऊ वेळा जोडलेत. मला वाटलं, माणूस फार जिद्दीचा."

कुबोडेरांनी आपल्या हातांकडे पाहिलं. नऊ महिने रोज सकाळी, भात ठेवला की, घंटी वाजली की, तिच्या फोटोसमोर हे हात जुळत आले होते. आता ती कुठेही समोर आली, फोटोत असो वा भिंतीवरच्या डागात, की ते कुणाला न विचारता जुळत होते. मन वाचणारी बाई वगैरे काही नव्हती. त्यांचा उजवा हातच फितूर होता.

"तुमचे अंगठे मी बघत होते," रेइशुन म्हणाली. "जुळलेले असतात तेव्हा फारच नेमके असतात. पण ते टिकत नाहीत. पुढच्या रविवारी मला शेरा लिहायचाय. सोळा वेळा मोडलेली मुद्रा समाधानकारक आहे असं मी लिहू शकत नाही."

"तेरा," कुबोडेरा म्हणाले. "नऊ आणि चार."

"तीन वेळा मी दुसऱ्या टोकाला होते. तेव्हा दिल्या नाहीत."

तिसऱ्या रविवारच्या आधीचे सहा दिवस कुबोडेरांनी हातांवर लक्ष ठेवण्यात घालवले. उमेझावाबाईंनी रबराचं कडं सुचवलं. नागाहामांनी, नियमात रबराबद्दल काही नाही पण आपण विचारू नये, असं मत दिलं. औषधविक्रेत्याने दातांची कवळी चिकटवायची पेस्ट अंगठ्यांना लावायला सांगितली आणि नमुना म्हणून एक नळीही दिली. कुबोडेरांनी ती एका सकाळी लावून पाहिली. अंगठे चिकटले नाहीत, पण हातांना दिवसभर पुदिन्याचा वास आला आणि भात पुदिन्याचा लागला. सुमिएसमोर ठेवलेल्या भातालासुद्धा. त्यांनी तिची माफी मागितली. हात जोडून.

तिसऱ्या रविवारी ते काही न लावता गेले.

त्या सकाळी पाऊस नव्हता, ऊन नव्हतं, काही नव्हतं. टॉवेल गुडघ्याखाली गेला. डावा हात उजव्यावर आला. अंगठ्यांच्या मध्ये कागद, कारखान्यात पावती फाडायचे त्या जाडीचा. घंटा झाली. कुबोडेरांनी क्रमांक म्हटले नाहीत, कारण चारशे तेरा वाटेत होता. त्यांनी फक्त फट बघितली. फट वाढली की मिटवायची, मिटली की उघडायची. श्वास घेतला की किंचित वाढते, सोडला की मिटते हे त्यांच्या लक्षात आलं, आणि मग ते तेच बघत राहिले, जसं छत्तीस वर्षं काचेच्या पाटीवर बघितलं होतं. रेइशुनची पावलं मागून गेली, परत आली, पुन्हा गेली. पहिली बैठक संपली. सगळे छातीशी हात धरून दालनाला एक संथ फेरा घालून परत बसले. दुसरी सुरू झाली. पाठ सरळ होती. डावा गुडघा कधी टेकला ते त्यांना कळलंही नाही.

दुसरी बैठक संपायला पाचेक मिनिटं राहिली असतील. कुबोडेरांना वाटलं, जमलं. आज एकदाही नाही.

आणि त्या 'एकदाही नाही'चा अर्थ त्यांच्या लक्षात आला. सव्वा तास झाला होता. सव्वा तासात सुमिए एकदाही मनात आली नव्हती. सप्टेंबरपासून जागेपणी असा सव्वा तास गेला नव्हता. ती गेली तेव्हा जी भीती वाटली नव्हती ती आता वाटली. इतकं सोपं आहे हे? थोडा कागद धरायचा आणि माणूस पुसला जातो?

रेइशुनची पावलं मागून जवळ येत होती. शेरा तिच्या हातात होता. उशी, जागा, खिडकीपासून तिसरी, सगळं तिच्या हातात होतं. अंगठे नेमके होते. फक्त पाच मिनिटं तसेच ठेवायचे होते.

कुबोडेरांनी हात जोडले. या वेळी ते आपोआप जुळले नाहीत. त्यांनी जोडले, नीट, बोटाला बोट लावून, सुमिएसमोर जोडायचे तसे.

पावलं थांबली. बराच वेळ काही झालं नाही. मग टप्. त्यांनी मान डावीकडे कलती केली. सपकन.

घंटा झाल्यावर सगळे उठले. कुबोडेरा बसून राहिले, कारण आता उठायची घाई कशाला. रेइशुन कागद घेऊन आली.

"उशी गोल करा," ती म्हणाली. "तुम्ही तिन्ही रविवार केली नाहीत."

"राहू दे. आता ही दुसऱ्याची. पण तो खळगा तिचा आहे. त्या बँकवाल्याला सांगा, जरा जपून—"

"कुठला खळगा?"

त्यांनी दाखवला. रेइशुनने वाकून पाहिलं.

"कुबोडेरासान, सुमिएसानने एकोणीस वर्षं दर रविवारी ही उशी गोल करून ठेवली. दालनात सगळ्यात चांगली गोल त्यांचीच असायची. त्या येईनाशा झाल्यापासून एरवी यावर दुसऱ्या चार उशा रचायचो, बैठकीला आणि विधीला तेवढ्या काढायचो, त्याने ती दबली होती. आणि आत्ता दिसतोय तो खळगा तुमचा आहे. कडेला आहे बघा."

कुबोडेरांनी पाहिलं. खळगा कडेला होता. चार बोटांचा.

त्यांनी उशी पुढ्यात घेतली. दोन्ही हातांनी दाबली, थोडी फिरवली, पुन्हा दाबली. कापूस हळूहळू वर आला. पहिली खेप तिरकी झाली, डावीकडे उतरली. ती त्यांनी परत घेतली. दुसऱ्या खेपेला चारही बाजूंनी सारखी झाली. मग जागेवर ठेवून तिला वाकून नमस्कार केला, कारण सगळे तसा करतात.

रेइशुनने शेरा त्यांच्यासमोरच लिहिला. आसन: वयाच्या मानाने ठीक. मुद्रा: हात जोडण्याची सवय आहे. चालेल.

नागाहामांनी तो दोनदा वाचला. 'चालेल' म्हणजे समाधानकारक का, याचा नियमावलीत शोध घेतला आणि शेवटी शिक्का मारला. जागेवरची लाकडी पाटी बदलायला ते स्वतः ब्रश आणि शाई घेऊन टेकडी चढून गेले. पाटीवर फक्त आडनाव होतं. त्यांनी ती पुसून पुन्हा तसंच लिहिलं, कारण फॉर्मवर 'पाटी बदलली' असा रकाना होता.

जुलैत कुबोडेरा दर रविवारी गेले. एकदा एक काठी मागितली, एकदा दोन, एकदा मागितलीच नाही. औषधविक्रेत्याचा चष्मा त्यांनी चहाच्या वेळी सरळ करून दिला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ते नागाहामांकडे गेले आणि गैरहजेरीचा अर्ज मागितला.

"आता कुणाची गैरहजेरी?"

"माझी. सोळा तारखेला रविवार आहे."

नागाहामांनी ड्रॉवर उघडला. "गावाला निघालात वाटतं."

"नाही. घरीच आहे."

"मग बसायला काय झालं? अठ्ठावीस जागा, एकतीस माणसं. रिकामी जागा दिसली की लोक मला विचारतात."

"रिकामी नसेल," कुबोडेरा म्हणाले. "त्या दिवशी ती तिला लागेल."

नागाहामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग अर्ज त्यांच्यापुढे सरकवला. कुबोडेरांनी 'इतर'ला गोल केला. खालच्या रकान्यापाशी त्यांना या वेळी थांबावं लागलं नाही. परत येण्याची अपेक्षित तारीख: २३ ऑगस्ट. नागाहामांनी शिक्क्याला शाई लावली आणि तो सरळ पडावा म्हणून कागद दोन्ही हातांनी नीट धरला.